दवंडीतून काढलेला माणूस

आंबेखेडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी कोणी गुलाब पाठवी, कोणी महाराजांचा फोटो पाठवी, आणि दयाराम हागे नालीचा फोटो पाठवी. खाली लिहिलेलं असे, 'शुभ सकाळ सरपंच ताई.' एक दिवस तुंबलेली नाली, दुसऱ्या दिवशी तीच नाली पलीकडच्या बाजूनं. नाली संपली की बंद पडलेला दिवा, दिवा संपला की पाण्याच्या टाकीवर बसलेलं माकड. माणूस मोठा चिकाटीचा. एवढी चिकाटी कांद्यात दाखवली असती तर संग्रामपूरच्या बाजारात त्याचं नाव झालं असतं, असं लोक म्हणत, आणि फोटो मात्र सगळे उघडून पाहत.

सरपंच संजीवनी उमाळे हिनं तो फोटो पाहिला की तिच्या मस्तकात तिडीक जाई. बाई बारावी शिकलेली, घर मेथी-वांगी-मिरची पिकवणारं, आणि जीभ फटकळ. ती निवडून आली तेव्हा गावाला वाटलं होतं, कारभार तिचा नवरा गोपाल करील. आजूबाजूच्या गावांत तसंच चालतं. सही बाईची आणि खुर्चीत सरपंचपती. पण गोपालनं पहिल्याच दिवशी हात झटकले. "मले फवारणीतून फुरसत नाई. लोकायनं तुले निवडलं, तूच पाह्य," तो म्हणाला. मग तिनं सगळं स्वतः केलं. ग्रुपही तिनंच काढला, स्वतःच्या फोनवर. टाइप करत बसायचा तिला कंटाळा, म्हणून ती बोलूनच पाठवी. "ऐका हो गावकरी, उद्या पानी येनार नाई, मोटर जळाली," असा तिचा आवाज घराघरांत एकदम वाजे. गावचा कोतवाल वारला त्यानंतर ती जागा भरलीच गेली नव्हती, आणि त्याच्याबरोबर दवंडीही गेली. कोणाचं काही अडलं नाही. फोन होते ना.

मग संजीवनीची सासू गेली. सासूवर तिचा जीव होता. त्या म्हातारीनं पोरं सांभाळली, चूल सांभाळली, म्हणून ही बाई सभा-बैठका करत फिरू शकली. तेरवीच्या दिवशी अंगणात पंगती बसल्या आणि संजीवनी आतल्या खोलीत घटकाभर टेकली. फोन उघडला. ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची रांग लागली होती, जोडलेले हात, फुलं, समया. आणि त्या रांगेत मधोमध सकाळी आलेली नाली. काळं पाणी कोणाच्या तरी उंबऱ्याला लागलेलं. 'शुभ सकाळ सरपंच ताई. आज तरी पाहा.'

आज तरी! संजीवनीला रडू आणि राग एकदमच आला. तिनं दयारामचं नाव दाबून धरलं आणि त्याला ग्रुपमधून काढून टाकलं. तेवढ्यानं भागलं नाही, म्हणून फोन तोंडाशी धरून बोलली, "ज्याले मेलेल्या मानसाचीबी लाज नाई, त्याले या ग्रुपात जागा नाई. गावाची कीड होती, काढली."

'बराबर केलं ताई' म्हणणारे अंगठे भराभर वर आले. त्या दिवसापासून तिची सकाळ सुखाची झाली. फुलं, महाराज, वाढदिवस. नाली होती तिथंच तुंबलेली होती, फक्त दिसत नव्हती.

पुढच्या महिन्यात ग्रामसभा आली. सूचनेचा कागद कार्यालयाच्या फळ्यावर लागला, पण फळ्यापुढे नव्या नळयोजनेचे पाइप रचून ठेवले होते, आणि ते ओलांडून कागद वाचायला जाईल एवढा हौशी माणूस गावात एकच होता. तो त्या दिवसांत कांद्याच्या लागवडीत अडकला होता. बाकीच्यांना संजीवनीनं ग्रुपवर सांगितलं.

सभेत घरकुलांची यादी वाचली. यादीत तानाबाईचं नाव होतं. तानाबाई ही दयारामची विधवा बहीण, भावाच्या गोठ्याला लागून पत्र्याच्या खोलीत राहणारी. कोणीतरी बसल्या जागेवरून म्हणालं, "ते त भावाच्या पक्क्या घरात राह्यते. तिले काय कमी हाय?" ग्रामसेवकानं विचारलं, यावर कोणाला काही सांगायचंय का? तानाबाईजवळ फोन नव्हता, भावाचा फोन तोच तिचा. ती आली नव्हती, भाऊही नव्हता. त्यांना जाऊन सांगावं असं कोणाच्या मनात आलं नाही, कारण ग्रुपवर पडलं म्हणजे गावात सगळ्यांना कळलं, ही आता सवयच झाली होती. दयाराम कसा नाही आला, असं संजीवनीला क्षणभर वाटलं, आणि लगेच वाटलं, बरं झालं.

तानाबाई अपात्र ठरली. खालचं नाव वर सरकलं. ते मंजुळाबाईचं होतं. मंजुळाबाई शाळेत खिचडी शिजवते. मुलगा सुरतेला गेला तो तिकडचाच झाला, आणि ही कुडाच्या झोपडीत एकटी. नाव ऐकलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून रडली. संजीवनीलाही भरून आलं. सरपंच होऊन एक तरी काम मनासारखं झालं, असं तिनं घरी येऊन गोपालला सांगितलं.

दयारामला सगळं कळलं ते नंतर, बाजारात. तो भांडायला आला नाही. त्यानं माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकला.

ग्रामसेवक शेखर कुळकर्णी नांदुऱ्याहून मोटरसायकलवर ये-जा करी. तीन गावं त्याच्या गळ्यात होती. त्यानं अर्ज संजीवनीपुढे ठेवला. ग्रामपंचायतीच्या ग्रुपवरचे सगळे संदेश द्या, आणि ग्रुपमधून कोणाला, केव्हा, कोणी काढलं तेही द्या, एवढीच मागणी होती.

"माह्या फोनातलं त्याले काऊन द्यायचं?" संजीवनी उसळली. "फोन माया, रिचार्ज माया."

"तेच लिहू ना ताई," शेखर शांतपणे म्हणाला. "ग्रुप सरपंचांच्या खासगी मोबाईलवरचा आहे, कार्यालयाच्या अभिलेखात नाही, म्हणून माहिती देता येत नाही. विषय संपला. तुम्ही फक्त मला लिहून द्या की ग्रुप खासगी आहे."

तिला ते फार पटलं. कागद ओढून तिनं लिहायला घेतलं आणि पेन थांबला.

"भाऊसाहेब, मागच्या सभेची सूचना देल्ली याचा पुरावा म्हनून आपन काय जोडलं होतं?"

शेखरनं चष्मा काढून पुसायला घेतला. सांगायची गरज नव्हती. सभेनंतर त्यानंच तिला फोन करून ग्रुपवरच्या सूचनेचा फोटो मागवला होता, छापला होता, आणि सभेच्या फायलीत लावून वर लिहिलं होतं, 'गावाच्या अधिकृत व्हॉट्सॲप ग्रुपद्वारे सर्व ग्रामस्थांना सूचना देण्यात आली.'

"थ्या फायलीत अधिकृत, आन् या कागदावर खासगी?"

"दोन कागद दोन फायलींत आहेत, ताई. एका जागी ठेवून कोण पाहतं?"

"दयाराम पाह्यते."

"पाहू द्या. अपिलात जाईल, सुनावणी लागेल, तारीख पडेल. तोवर तुमची मुदत संपेल आणि माझी बदली होईल." शेखर वाईट माणूस नव्हता. कागद माणसाला थकवतो हे त्यानं नोकरीत पाहिलं होतं, आणि थकण्याची पाळी समोरच्यावर ढकलायला तो शिकला होता. "ग्रुप अधिकृत म्हणालात तर त्याला काढलं कसं, हा प्रश्न येतो. खासगी म्हणालात तर सभेची सूचनाच झाली नाही, असं होतं. म्हणून म्हणतो, एक काहीतरी लिहून द्या आणि दुसरं बोलूच नका."

"उद्या देते," म्हणून ती कागद घेऊन उठली.

घरी तिनं भाकरी थापता थापता गोपालवर सगळा राग काढला. "सरपंच झाली म्हनून मले तोंड नाई काय? पयले शेताच्या धुऱ्यावर उभी राहून मी दयारामले काय काय बोलत होती, तवा कोनी अर्ज नाई केला!"

"तोंड हाय ना," गोपाल म्हणाला. "धुऱ्यावर जाऊन आताबी बोल, कोन अडवते? पन तू भोंग्यातून बोलली, आन् मंग भोंग्याची तार त्याच्याच घराची तोडली."

"तू कोनाचा नवरा हायेस बे?" ती म्हणाली. गोपाल हसला आणि जेवायला बसला. तिला हसू आलं नाही. सरपंच होण्याआधी तिचा राग तिचा एकटीचा होता. आता तो उतू गेला की कोणाच्या तरी दारात सांडत होता, ही गोष्ट तिला कोणी शिकवली नव्हती, आणि शिकवली असती तरी तिनं ऐकली नसती.

सकाळी ती दयारामच्या शेतात गेली. तो वाफ्यात वाकून कांद्याला पाणी धरत होता. तिला पाहून उभा राहिला, पण फावडं खाली ठेवलं नाही.

"दयारामभाऊ, तुमचं नाव ग्रुपात परत टाकते. अर्ज मांगं घ्या," ती म्हणाली.

"मले टाका नाईतर नका टाकू. तानाबाईचं घर गेलं त्याचं काय?"

"तुमीच तो फोटो टाकला ना! माह्या सासूची तेरवी, आन् तुमाले नाली सुचते!"

दयारामनं फावडं वाफ्यात रोवलं. "वहिनी," तो म्हणाला, आणि या माणसानं आपल्याला वहिनी म्हटलेलं तिनं बऱ्याच दिवसांनी ऐकलं. "तेरवीले म्या वहिनीच्या घरी आलो होतो. वरनाची बादली घेऊन तीन पंगती वाढल्या. तुमी पाह्यलं नाई काय? फोटो सकाऊनच पाठोला होता, आन् तो सरपंचाले पाठोला होता. तानाबाईच्या उंबऱ्यात पानी शिरलं होतं. नाली काय तेरवी पाहून तुंबते?"

तिला आठवलं. खांद्यावर टॉवेल टाकून बादली घेऊन रांगेतून वाकत जाणारा माणूस. खिडकीतून त्याची पाठ दिसत होती. त्याच वेळी ती आत बसून त्याला कीड म्हणत होती, आणि तो बाहेर तिच्या पाहुण्यांना 'घ्या हो, आजून घ्या' म्हणत होता. तिच्या कानशिलांपर्यंत लाज चढली.

"वहिनीनं मले वसरीवरून हाकललं असतं त म्या चूप घरी गेलो असतो," दयाराम म्हणाला. "घर तुमचं. पन सरपंचानं मले दवंडीतून काढलं. कोतवाल दवंडी देत जाये तवा भांडन झालेल्या घरापुढून मुका जाये काय?"

"मंजुळाबाईचा पाया खंदून झाला, दयारामभाऊ."

फावड्यावरचा त्याचा हात सैल झाला. "म्हाईत हाय मले. म्या पाह्यला." मग तो धुऱ्यावर बसला. "रात्री तेच डोस्क्यात फिरून राह्यलं. पन तुमीच सांगा, म्या बहिनीले काय म्हनू? राहू दे, तुह्यापेक्षा मंजुळाबाई जास्त गरीब हाय? तेबी मापून पाहू काय आता?"

पाणी वाफ्यातून बाहेर फुटून वाहू लागलं, तेव्हा कुठे तो उठला.

कार्यालयात आल्यावर संजीवनीनं शेखरपुढे कागद ठेवला. त्यावर लिहिलं होतं की ग्रुप ग्रामपंचायतीचा आहे, त्यातले सगळे संदेश अर्जदाराला द्यावेत, आणि एका ग्रामस्थाला काढल्यामुळे मागच्या सभेची सूचना सर्वांना पोचली नाही. सभा पुन्हा घ्यावी, असं पंचायत समितीला कळवा, असंही तिनं खाली लिहिलं होतं.

शेखरनं कागद दोनदा वाचला. "नळयोजनेचा ठरावही त्याच सभेतला आहे, ताई. तोही पुन्हा. आणि विरोधक हे गावभर वाजवतील."

"वाजवू द्या." मग तिचा आवाज खाली आला. "भाऊसाहेब, थे कीडवालं तेवढं काढता येईन काय? बाकी सारं द्या."

शेखरनं पेनाचं टोपण काढलं. त्यात कुठं नकार नव्हता, उलट येईल की, असंच त्याला म्हणायचं असावं. संजीवनीनं फोन काढून तो आवाज पुन्हा एकदा ऐकला. स्वतःचाच आवाज, पण ऐकवेना. "राहू द्या," ती म्हणाली. "साऱ्या गावानं ऐकलं, त्याच्या एकट्यापासून काय लपवायचं?"

मंजुळाबाईकडे ती एकटी गेली. पाया मापात खणलेला होता, कडेला मातीचा ढीग. शाळेतून आल्यावर मंजुळाबाई रोज थोडं थोडं स्वतः खणत होती; योजनेचे पैसे यायचे होते, पण तिला धीर नव्हता. तिनं सरपंचाला पाहून तोंडभरून हसून चूल कुठे येणार, दार कुणीकडं, सगळं दाखवलं. संजीवनीनं दार कुणीकडं इथपर्यंत ऐकलं आणि मग सांगून टाकलं. सभा पुन्हा होणार, तानाबाईचं नाव बहुतेक परत वर येणार, चूक माझी. मंजुळाबाईनं सगळं ऐकून घेतलं. शिव्या दिल्या असत्या तर संजीवनीला बरं वाटलं असतं. "चहा मांडू काय?" एवढंच मंजुळाबाई म्हणाली, आणि आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. संजीवनी मातीच्या ढिगाजवळ उभी राहून शेवटी चहा न घेताच परत आली.

दुसऱ्या सभेची सूचना लग्नात डफडं वाजवणाऱ्या निवृत्तीला बोलावून दिली, गल्लीगल्लीतून, एकही घर न सोडता. पोरं मागं नाचत गेली. शाळेच्या अंगणात एवढी माणसं जमली की बायकांना पायऱ्यांवर बसावं लागलं.

संजीवनी उभी राहिली आणि तिनं आडपडदा न ठेवता सांगितलं. ज्या ग्रुपवर सूचना दिली, त्याच ग्रुपातून मी रागाच्या भरात एका माणसाला काढलं होतं, म्हणून ही सभा पुन्हा घ्यावी लागली. कुजबुज झाली, कोणी हसलं, विरोधकांनी टाळ्या वाजवल्या. यादी वाचली गेली. या वेळी तानाबाई स्वतः उठून बोलली, आपण कुठं झोपतो, पावसाळ्यात अंथरूण कुठं नेतो ते तिनं सांगितलं. मागच्या वेळी हरकत घेणारा माणूस खाली पाहत राहिला. तानाबाई पात्र ठरली. मंजुळाबाईचं नाव पुन्हा खाली गेलं.

मग पायरीवरून मंजुळाबाई उठली. सभेत ती आजवर कधी बोलली नव्हती. पदर खांद्यावर घट्ट ओढून ती म्हणाली, "मले एकच इचारायचं हाय. चूक सरपंचाची हाय, असं सरपंच सोताच म्हनून राह्यली. मंग ज्याची चूक, त्याचं घर काऊन नाई जात? मायं काऊन जाते?"

कोणीतरी म्हणालं, "बस माय, पुढच्या खेपेले येईन तुयं नाव." संजीवनीनं हात वर करून त्याला गप्प केलं. या बाईकडे गावातल्या प्रत्येकासाठी उत्तर तयार असे, कधीकधी प्रश्नाच्या आधी. आता तिनं तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. मंजुळाबाईनं थोडी वाट पाहिली आणि खाली बसली.

सभा उठल्यावर शेखरनं शाळेच्या वर्गात बसून इतिवृत्त लिहून सहीसाठी पुढे केलं. संजीवनी सही करण्याआधी वाचू लागली. शेवटी होतं, 'श्रीमती मंजुळाबाई यांनी नाराजी व्यक्त केली. त्यांना समजावून सांगण्यात आले.'

"कोनं समजावून सांगतलं?" तिनं विचारलं.

"तशी लिहायची पद्धत आहे, ताई."

"ते बाई बोलली ते लिहा. तिच्याच शब्दांत."

"ताई, हे कायम राहतं. तुम्ही पायउतार झाल्यावरसुद्धा. उद्या कोणीही अर्ज करून मागवील आणि वाचील."

"वाचू द्या. लिहा."

शेखरनं ती ओळ खोडली आणि मंजुळाबाईचा प्रश्न जसाच्या तसा उतरवला, 'काऊन'सुद्धा. मग त्यानं पेन उचलून धरला. "आणि सरपंचांचं उत्तर? काहीतरी लिहावं लागेल."

संजीवनीनं बाहेर पाहिलं. मंजुळाबाई उद्याच्या खिचडीचं पातेलं घासत शाळेच्या नळावर बसली होती.

"सरपंचांनी उत्तर देल्लं नाई, असं लिहा," ती म्हणाली, आणि त्यानं लिहिल्यावर तिनं खाली सही केली.